बुल उत्तर देतो, पण ऐंशी यार्डांवर येऊन थांबतो: काय चुकतं आणि काय बदलायचं

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की कॉलोरॅडोत धनुष्यानं एल्कची शिकार करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींकडून एकच तक्रार ऐकू येते. "पहाटे बिगूल वाजवला, बुलनं लगेच उत्तर दिलं. चांगला जवळ आला, झाडांतून शिंगंही दिसली. मग थांबला. दहा मिनिटं तिथूनच ओरडत राहिला आणि निघून गेला. माझा कॉल चुकतोय का?"

बहुतेक वेळा कॉल चुकलेला नसतो. बुल अर्ध्या मैलावरून ऐंशी यार्डांपर्यंत आला, म्हणजे आवाजानं आपलं काम केलेलं असतं. चूक असते बसायच्या जागेत, आणि तो थांबल्यावर आपण जे करतो त्यात. मी स्वतः पहिले तीन हंगाम हीच चूक करत होतो आणि दर हिवाळ्यात नवा कॉल, म्हणजे हे आवाज काढायचं साधन, विकत घेत होतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी शब्द आधी सांगतो. एल्क हे इथलं मोठं हरीण. त्याच्या नराला इथे बुल म्हणतात आणि मादीला काऊ. सप्टेंबरमध्ये ते माजावर येतात. नर तेव्हा जी लांब, चढत जाणारी शीळ घालतो तिला बिगूल म्हणतात. आपल्याकडे बिगूल फौजेतून आला, पण शब्द तोच. जवळून ऐकला तर त्या आवाजात दोन थर लागतात: खाली घशातला खरखरीत हुंकार आणि त्याच वेळी वर कानात घुसणारी शीळ. शेवटी बऱ्याचदा तीन-चार तुटक हुंदके येतात, त्याला चकल म्हणतात. काऊचा आवाज मांजरीच्या म्यावसारखा, थोडा नाकातला.

तो थांबतो का

एल्कचे कान विलक्षण असतात. आवाज दरीत कुठून आला एवढंच त्याला कळतं असं नाही, कुठल्या झाडामागून आला हेही तो जवळजवळ नेमकं ओळखतो. तो त्या जागेकडे निघतो आणि ती जागा डोळ्यांना दिसेल इथपर्यंत येतो. तिथे त्याला काऊ दिसायला हवी, किंवा दुसरा बुल. काहीच दिसलं नाही तर पुढे यायचं त्याला कारण उरत नाही.

दुसरं कारण त्यांच्या रीतीतच आहे. बुल बिगूल वाजवतो तो इतर नरांना बजावण्यासाठी, तसाच काऊंना आपल्याकडे बोलावण्यासाठीही. पुष्कळदा काऊ चालत त्याच्याकडे जाते. आपण काऊचा आवाज काढतो आणि तो आपल्याकडे यावा अशी अपेक्षा धरतो. म्हणजे आपण त्याला उलटं वागायला सांगत असतो. तो निम्मं अंतर चालून आला आणि थांबून ओरडू लागला, तर त्याच्या हिशेबानं त्यानं आपला वाटा उचलला. उरलेलं अंतर काऊनं यायचं.

हे मला एका सकाळी नीट उमगलं. फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला, दहा हजार फुटांच्या थोडं वर, मी एका लांबट कुरणाच्या कडेला स्प्रूसखाली बसलो होतो. समोर सत्तर-ऐंशी यार्ड मोकळं गवत, त्यावर दहिवर, पलीकडे पिवळी पडू लागलेली अ‍ॅस्पेनची झाडं. जागा मला फार आवडली होती, कारण सगळं दिसत होतं. तीन बिगुलांनंतर बुल पलीकडच्या कडेला आला. शिंगांची टोकं घासून घासून पांढरी झालेली, पोट आणि मान चिखलानं नि मुतानं काळी, तोंडातून वाफ. त्यानं मान उंच केली आणि कुरणापलीकडून थेट मी बसलो होतो त्या झाडाकडे बघितलं. मी काऊचा आवाज काढला. त्यानं कान पुढे केले, बघत राहिला. मी पुन्हा आवाज काढला. आता तो एक पाऊल मागे सरकला. तिसऱ्यांदा आवाज काढल्यावर त्यानं मान फिरवली आणि घाई न करता झाडीत शिरला.

वारा माझ्या तोंडावर होता, त्याला वास लागलेला नव्हता. मी हललोही नव्हतो. पण प्रत्येक आवाजासरशी मी त्याला सांगत होतो की इथे आवाज आहे आणि अंग नाही. मला सगळं दिसत होतं म्हणून मी ती जागा निवडली होती, आणि त्यालाही सगळं दिसत होतं.

जागा कशी निवडायची

माझा नियम आता एवढाच आहे: बुलला आवाजाची जागा जिथून पहिल्यांदा दिसेल, ते ठिकाण माझ्या टप्प्यात हवं. धनुष्याचा माझा टप्पा तीस यार्ड. म्हणजे माझ्या समोर पंचवीस-तीस यार्डांवर एखादा उंचवटा, दाट रोपटी, आडवे पडलेले ओंडके किंवा वाटेचं वळण हवं. त्यापलीकडून त्याला मी बसलेली जागा दिसता कामा नये. बघायचं असेल तर त्याला उंचवट्यावर यावंच लागेल.

त्याच दरीत दुसऱ्या दिवशी मी कुरण सोडून वरच्या सपाटीवर गेलो. तिथे जमिनीला एक बुटकी पाठ होती, जेमतेम चार फूट उंच. तिच्या अलीकडे बावीस यार्डांवर, एका जाड बुंध्यासमोर बसलो. बुंध्यासमोरच बसायचं, मागे नाही. मागे बसलात तर तीर सोडायला वाकावं लागतं आणि तेवढी हालचाल त्याला पुरते. दोनदा काऊचा आवाज काढला, एक फांदी मोडली, गप्प बसलो. आधी शिंगांची टोकं त्या पाठीवर उगवली, मग कान, मग सगळं डोकं. तो बावीस यार्डांवर होता. तीर मात्र सोडला नाही, कारण तो छातीनं माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि तसा तीर मी सोडत नाही. तो आडवा झाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. कॉल तोच, तोंडातला डायफ्रॅमही (पातळ पडद्याची शिट्टी) आदल्या दिवशीचाच.

दोघे असाल तर फार सोपं होतं. कॉल करणारा मागे, तीर सोडणारा पुढे, मध्ये पन्नास ते सत्तर यार्डांचं अंतर. बुल ज्या अंतरावर थबकणार, त्या अंतरावर आपला जोडीदार आधीच बसलेला असतो. त्याला नाकासमोर नका बसवू. वाऱ्याच्या खालच्या अंगाला थोडं सरकवून बसवा, कारण शेवटच्या टप्प्यात बुल वास घ्यायला त्याच बाजूनं वळसा घालतो.

थांबलाच तर काय करायचं

पहिली गोष्ट, तोच आवाज पुन्हा काढू नका. हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. तरी नको. तो बघत असताना काढलेला प्रत्येक आवाज त्याचा संशय पक्का करतो.

कॉल करणाऱ्यानं त्याऐवजी मागे जायचं. होय, बुलपासून लांब. वीस-तीस पावलं मागे, झाडीच्या आडून, पायाखाली काटक्या मोडल्या तर मोडू द्यायच्या. एल्क काही मांजरपावलांनी चालत नाही. मग कॉलचा आवाज मोठा करणाऱ्या नळीचं तोंड पाठीमागे करून हलका काऊचा आवाज. त्याला वाटलं पाहिजे की काऊ कंटाळून निघाली. उभा राहिलेला बुल निघून जाणाऱ्या काऊमागे येतो, हे मी जितक्या वेळा पाहिलं आहे तितकं दुसऱ्या कुठल्याही युक्तीनं काम होताना पाहिलेलं नाही.

तो काऊसाठी आला नसून भांडायला आला असेल, तर आवाजापेक्षा झाड जास्त बोलतं. मनगटाएवढी जाड वाळकी फांदी घ्या आणि एखाद्या कोवळ्या झाडाचं खोड खरवडा, फांद्या मोडा, पायानं माती उकरा. माझं बालपण सांगोल्याकडचं, घरी खिलार जनावरं. गावात दोन वळू समोरासमोर आले की ते लगेच भिडत नसत. आधी खुरानं माती उडवायची, शिंगं बांधात खुपसायची, डुरकायचं, एकमेकांना समांतर चालायचं. एल्कही नेमकं हेच करतात. ज्यानं गुरं पाहिली आहेत त्याला ही भाषा नव्यानं शिकावी लागत नाही. फक्त डुरकण्यातला आणि माती उकरण्यातला ताल आठवायचा: थोडं झपाट्यानं, मग थांबून ऐकायचं, मग पुन्हा.

एकटे असाल तर कॉल केल्यावर त्या जागी बसूच नका. आवाज काढा आणि लगेच तीस-चाळीस यार्ड बुलच्या दिशेनं पुढे सरका, आडोसा धरून, आणि मग गप्प. तो मागच्या जागेकडे बघत येईल आणि तुम्ही मध्ये असाल. याला धीर लागतो. पंधरा मिनिटं काहीच ऐकू येत नाही तेव्हा तो गेला असं वाटतं. बऱ्याचदा तो गेलेला नसतो.

उत्तर कसं आलं ते ऐका

ऐंशी यार्डांवरचा सगळा घोळ खरं तर त्याच्या आधी सुरू होतो. बुलनं उत्तर दिलं या आनंदात ते कसं दिलं हे आपण ऐकत नाही.

तुमचा आवाज संपायच्या आत तोडून उत्तर आलं आणि पुढचं उत्तर आणखी जवळून आलं, तर तो तापलेला आहे. अशा वेळी चौथा बिगूल वाजवण्यापेक्षा झाड शोधा. मला माहीत असलेल्या फसलेल्या शिकारींतल्या निम्म्या इथेच फसल्या. माणूस पायवाटेवर उभा राहून उत्तरं देत राहिला आणि बुल तोपर्यंत साठ यार्डांवर आला.

दर वेळी त्याच जागेवरून, आळसट, उशिरानं उत्तर येतंय आणि सकाळचे दहा वाजून गेलेत, तर तो बसलेला आहे. उठून तुमच्यापर्यंत यायची त्याला गरज वाटत नाही. तुम्हीच जा. वारा बघून, गुपचूप, शंभर यार्डांच्या आत, आणि मग एखादा हलका काऊचा आवाज किंवा झाड खरवडणं. बसायच्या जागेजवळ बहुधा चिखलाची लोळण असते. तिथलं पाणी गढूळ आणि कडेला ताजे खूर असतील तर दुपार तिथेच काढा, कॉल न करता.

उत्तर येतंय पण दर वेळी आणखी लांबून, तर त्याच्याजवळ कळप आहे. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडं थांबतो. काऊंचा कळप असलेला बुल कुठे जायचं ते स्वतः ठरवत नाही. पुढे एखादी थोराड काऊ असते, ती चालते, बाकीच्या तिच्यामागे, आणि बुल सगळ्यात शेवटी रेटत रेटत. तीनशे यार्डांवरून तुम्ही त्याला आव्हान दिलंत तर तो काय करेल? मिळवलेल्या काऊ गोळा करेल आणि दूर नेईल. भांडणात त्याला गमवायचंच जास्त आहे. तुमचा बिगूल जितका जोरकस, तितका तो लवकर निघेल. अशा कळपाच्या बाजूनं, वाऱ्याच्या खालच्या अंगानं, तोंड बंद ठेवून चालत राहायचं. ते चरताना थांबतात, बुल एखाद्या उपऱ्या नराला हाकलायला मागे वळतो, काऊ बसतात. अंतर शंभर यार्डांच्या आत आलं की मग एकदाच, जोरात, झाड मोडत आव्हान. इतक्या जवळ आलेल्याकडे पाठ फिरवून कळप हलवायला त्याच्याकडे वेळ नसतो. किंवा त्या पुढच्या काऊशीच बोला. ती कुतूहलानं वळली तर बुल मागोमाग येतोच.

काहीच उत्तर नाही, तर उठू नका. कळपाच्या कडेनं फिरणारे तरुण नर आवाज न करता येतात, कारण मोठ्याचा मार त्यांनी खाल्लेला असतो. अर्धा तास बसा आणि अधूनमधून पाठीमागे बघा. असे नर बहुतेक वाऱ्याच्या खालच्या अंगानं उगवतात. कॉलोरॅडोतल्या बऱ्याच युनिटांत (शिकारीच्या ठरवलेल्या विभागांत) बुलच्या एका शिंगाला किमान चार टोकं असावी लागतात, किंवा कपाळालगतचा फाटा निदान पाच इंचांचा असावा लागतो. हे मोजायचं ते दोरी ओढण्याआधी.

आणि भुंकल्यासारखा एकच तोडका आवाज आला, तर त्याला काहीतरी खटकलं आहे. वासानं खटकलं असेल तर तो दिवस संपला, मागे लागू नका. नुसतं काही हललेलं दिसलं असेल तर लगेच बिगुलानं उत्तर दिल्यावर कधीकधी तो थांबतो. कधीकधीच.

वारा

वाऱ्याबद्दल थोडक्यात लिहितोय, पण वरचं सगळं याच्यावर टांगलेलं आहे. डोंगरात पहाटे थंड हवा दरीत उतरते. ऊन उतारावर पडलं की ती वर चढू लागते आणि संध्याकाळी पुन्हा खाली. मधला बदलाचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात फसवा असतो. खिशात बारीक पावडरची बाटली ठेवा आणि दर पन्नास पावलांवर एक फुंकर सोडून बघा. ऐंशी यार्डांवर थांबलेल्या बुलांपैकी काही जागेमुळे थांबलेले नसतात, ते वाऱ्याच्या एका झुळकेमुळे थांबलेले असतात. वळसा घालायची त्याला मुभाच नसावी म्हणून मी शक्यतो पाठीशी कडा, तळं किंवा चालता येणार नाही असे पडलेले ओंडके घेऊन बसतो.

कॉलबद्दल एवढंच

साधा काऊचा आवाज, साधा लांब बिगूल आणि चकल, एवढं स्वच्छ जमलं तरी पुरतं. कॉल मात्र तोंडानं वाजवायचाच हवा. इलेक्ट्रॉनिक कॉल इथे एल्कसाठी बेकायदेशीर आहे. गाडीरस्त्याजवळच्या बुलनी महिन्याच्या अखेरीपर्यंत पुष्कळ नळ्या ऐकलेल्या असतात. तिथे आवाज निम्मा करा, चालणं दुप्पट करा. शिवाय समोरून येणारा सुरेख बिगूल दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. आवाजाकडे सरकताना जनावर पूर्ण दिसल्याशिवाय धनुष्य उचलायचं नाही.

ऐकायला शिकायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये एस्टेस पार्क गावाच्या बाजूनं जा आणि रस्त्याच्या कडेला बसून बघा. तिथे शिकार नाही, कॉल वाजवायलाही मनाई आहे आणि माजाच्या दिवसांत संध्याकाळी कुरणांत पायी उतरता येत नाही. त्यामुळे हात रिकामे आणि कान मोकळे राहतात. बुल कधी ओरडतो यापेक्षा ओरडल्यावर काऊ कुठे जातात ते बघा. मान ताणून, नाक वर आणि शिंगं पाठीवर टेकवून तो चालला की काऊच्या मागे आहे. दुसऱ्या बुलला बघून तो आडवा होऊन ताठ चालू लागला की ते प्रदर्शन आहे. दोन तास बघितलंत की वर मी जे लिहिलं आहे ते डोळ्यांसमोर घडताना दिसेल.

महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी एक स्पष्ट सांगतो. हे सगळं इथल्या परवान्याच्या हंगामापुरतं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सांबराची शिकार गुन्हा आहे, आणि रानात जनावराला आवाज काढून बोलावणं हा खेळ नाही. मात्र काश्मीरला जाणार असाल तर दाचीगामचा हंगुल बघा. तो एल्कचा जवळचा नातेवाईक आहे आणि शरदात तोही माजावर येऊन ओरडतो.

आता यंदाच्या हंगामात बुल पुन्हा ऐंशी यार्डांवर थांबला आणि निघून गेला, तर लगेच तळावर परतू नका. तासभर जाऊ द्या. मग तो उभा होता त्या जागेवर जा, खुरांचे ठसे सापडतील. तिथे सरळ उभे राहा, मोबाइल डोक्यापेक्षा जरा उंच धरा, कारण मान वर केलेल्या बुलचे डोळे माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर असतात, आणि तुम्ही बसला होता त्या झाडाचा फोटो काढा. फोटोत झाडाचा बुंधा खालपर्यंत दिसत असेल, तर तिथे काऊ नाही हे त्यालाही तितकंच स्वच्छ दिसत होतं. मग मागे वळून, ज्या आडोशाआडून तो आला तिथपर्यंत चालत जा आणि उद्या त्या आडोशापासून पंचवीस यार्डांवर बसायला झाड शोधून ठेवा.